बदलून वाचलेली चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही — तिथेसुद्धा मी मुलाच्या परीक्षेचंच बोलले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर ऐकायच्या आधीच म्हणाला असतात, "मॅडम, तुम्ही? छे." आणि मला तेच नको आहे. गेली सहा वर्षं लोक माझ्याबद्दल 'छे' म्हणतात, आणि मी ते मान खाली घालून, अगदी विनयाने ऐकून घेते.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. माहेर असोदा. केळीचे मळे, कपाशी, दारात दोन ट्रॅक्टर, आणि गावात आम्ही पाटील. हे एवढ्यासाठी सांगितलं की मला कुणी दारात थांबवलेलं नाही, कुणी आडनाव विचारून पेला वेगळा दिलेला नाही. तरीही या विषयावर गावभर भाषणं मीच देते. समता, सन्मान, वंचित — हे शब्द माझ्या तोंडात छान रंगतात. बोलताना माझा आवाज जरासा भरूनही येतो. खरं सांगू? तो मला भरून आणता येतो.

कुठून सुरुवात करू? मंडळापासून करते, म्हणजे मला थोडा वेळ मिळेल.

कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती. ज्यांनी कधी कॉलेजात नोकरी केली नाही त्यांना सांगते — समिती येणार म्हटलं की वर्षभर झोपलेलं कॉलेज महिन्याभरात जागं होतं. भिंती रंगतात, कुंड्या येतात, आणि न झालेल्या सगळ्या गोष्टींच्या फायली तयार होतात. त्यात एक प्रश्न होता: वंचित समाजातून आलेल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांसाठी तुम्ही काय करता? प्राचार्यांनी फायली चाळल्या. आम्ही काहीच करत नव्हतो. मग त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, हे काम तुमच्याशिवाय कोण करणार? आणि मी फुगले. त्या एका वाक्यावर मी आयुष्यात कितीदा फुगले असेन, मोजलेलं नाही.

तर आमचं समता वाचन मंडळ निघालं. महिन्यातून दोन शनिवार, ग्रंथालयाच्या बाजूच्या खोलीत, दुपारच्या तासांनंतर. आदिवासी, दलित, भटक्या समाजातले आठ-नऊ सहकारी आणि आमच्यासारखे चार-पाच 'ऐकायला आलेले'. आत्मकथनातलं एखादं प्रकरण वाचायचं, एखादा लेख वाचायचा, मग ज्यांच्यावर बेतलं त्यांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं. कल्पना चांगली होती, हो. अजूनही वाटतं. पण पहिल्या चार बैठकांत बोलले कोण? मीच. ते आठ-नऊ जण वर्गातल्या पोरांसारखे बसून राहायचे, पोहे खायचे, फोटोसाठी उभे राहायचे आणि घरी जायचे. मला वाटायचं, संकोच आहे बिचाऱ्यांना. — बिचाऱ्यांना. हा शब्द मी तेव्हा मनातल्या मनात वापरायचे. आता उघड लिहिते.

त्या आठ-नऊ जणांत आमच्या विभागातली रमिला होती. रमिला पावरा. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा. आपल्या समाजाच्या लग्नातल्या गाण्यांवर तिने पीएच.डी. केली होती, चारशेवर गाणी पाड्यापाड्यांवर फिरून लिहून आणली होती. आणि एवढं करून ती आमच्याकडे तासिका तत्त्वावर होती. म्हणजे जितके तास शिकवाल तितकंच मानधन, उन्हाळ्यात काही नाही, आणि दर जूनमध्ये विभागप्रमुखाने यादीत नाव घातलं तरच पुढचं वर्ष. तिच्या समाजासाठी राखीव जागा कागदावर होती. ती भरायची जाहिरात काही निघत नव्हती.

मी तिला बेटा म्हणायचे. पाहुणे आले की खांद्यावर हात ठेवून ओळख करून द्यायचे — ही आमची लेक, सातपुड्याची. स्नेहसंमेलनात तिला तिकडचे चांदीचे दागिने घालून यायला सांगायचे. ती यायची. प्रमाणपत्रांवर नावं घालायची असली की मी तिलाच बोलवायचे, कारण तिच्यासारखं अक्षर अख्ख्या कॉलेजात कुणाचं नव्हतं. छापल्यासारखं, एकेक अक्षर सुटं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि विभागात तिसरे होते नाना. विभागप्रमुख. शिंदखेड्याकडचे, निवृत्तीला सहा महिने उरलेले, जाडजूड आवाजाचे, आणि जिभेला हाड नसलेले. स्टाफरूममध्ये सरळ अहिराणीत बोलायचे. रमिलाला सगळ्यांदेखत म्हणायचे, "तुन्ही जागा राखीव शे, तुले कसानी चिंता." लोक हसायचे. मी हसायचे नाही. मी नानांकडे रागाने बघायचे आणि नंतर रमिलाला म्हणायचे, मनावर घेऊ नकोस गं. मंडळात यायला नानांनी साफ नकार दिला होता. पुस्तकं वाचीसन कोनी सुधरस का, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

पण एक गोष्ट सांगायला हवी. एम.ए.ला लोकसाहित्याचा पेपर असतो. त्या वर्षी जूनमध्ये कार्यभाराचं वाटप चाललं होतं आणि नाना म्हणाले, हा पेपर रमिलाला द्या, आपल्यात हे तिच्याइतकं कुणाला येतं? मी मान डोलावली. तिच्या समोरच डोलावली. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या रात्री — नाही, रात्रीचं मला काय माहीत? दुसऱ्या दिवशी ती सगळ्या गाण्यांच्या वह्या पिशवीत घालून घेऊन आली होती, एवढं मी पाहिलं.

तो पेपर शेवटी माझ्याकडे आला. कसा आला, तेच सांगायला बसले आहे आणि तेच टाळते आहे. जरा थांबा.

चिठ्ठ्यांची कल्पना माझी. डिसेंबरातली बैठक. मी म्हटलं, समोरासमोर बोलणं जड जातं ना, मग लिहा. या कॉलेजात, या शहरात तुमच्याशी कोण कसं वागलं, एक प्रसंग, चार-सहा ओळी. नाव नको, तुमचंही नको आणि समोरच्याचंही नको. घडी घालून या डब्यात टाका. मी मोठ्याने वाचीन, आपण सगळे ऐकू. कुणाचं अक्षर ओळखलं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही, माझा शब्द. हे 'माझा शब्द' मी छातीवर हात ठेवून म्हटलं होतं. टाळ्या पडल्या.

स्टीलचा पोळ्यांचा डबा होता. त्यातून मी एकेक काढून वाचत गेले. एकाने लिहिलं होतं, घर भाड्याने मागायला गेलो तर आडनाव ऐकून वरची खोली दुरुस्तीला निघाली. एकाने लिहिलं होतं, परीक्षेच्या कामात मला नेहमी पाणी-फळ्याचीच व्यवस्था देतात. खोली हळूहळू शांत झाली. मला आतून बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू — फार बरं वाटत होतं. मला वाटलं, हे मी घडवलं.

मग पाचवी चिठ्ठी उघडली. छापल्यासारखं अक्षर. आणि त्यात लिहिलं होतं — ते मला तोंडपाठ आहे, शब्द न शब्द:

'मला मुलगी म्हणणाऱ्या मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं की हिला एम.ए.चा वर्ग देऊ नका, हिचं बोलणं जंगलातलं आहे, मुलं हसतील. मी सह्या घ्यायला पडद्याबाहेर उभी होते. नंतर त्यांनी मला चहा पाजला आणि त्याच पेपरसाठी माझ्या वह्या मागून नेल्या. मला तो वर्ग आता नको. त्यांनी मला मुलगी म्हणू नये एवढंच.'

ती मॅडम मी.

झालं. लिहिलं एकदाचं. पण हा गुन्हा अर्धाच आहे, आणि तुम्ही इथे थांबून मला माफ करून टाकाल अशी भीती वाटते, म्हणून पुढे लिहिते.

केबिनमध्ये मी काय बोलले ते तिने अचूक लिहिलं होतं. उलट थोडं सौम्य लिहिलं होतं. मी असंही म्हटलं होतं की एम.ए.च्या मुली चांगल्या घरच्या आहेत. चांगल्या घरच्या — म्हणजे काय, हे प्राचार्यांना कळलं, मला कळलं, आणि पडद्याबाहेरही कळलं असणार. का म्हटलं मी? तो वर्ग मला हवा होता. बस. एम.ए. शिकवणारी बाई आणि नुसती बी.ए. शिकवणारी बाई यात स्टाफरूममध्ये फरक असतो, आणि तो फरक मला हवा होता. वर्ग हवा होता तर सरळ मागता आला असता, मी तिला सीनियर होते, मिळालाही असता. पण मी मागितला नाही. मी तिच्या बोलण्यावर घसरले.

आणि कुणी घसरावं? मी असोद्याहून धुळ्याला शिकायला आले तेव्हा 'मले-तुले' करत आले. वसतिगृहातल्या मुली मला रोज संध्याकाळी तेच बोलून दाखवायच्या. मी दोन वर्षं आरशासमोर उभी राहून 'मला' म्हणायला शिकले. हे सबब म्हणून सांगत नाही. उलट, कुठे मारलं की जास्त लागतं हे मला नेमकं ठाऊक होतं, एवढंच सांगते.

तर चिठ्ठी हातात, तेरा-चौदा माणसं समोर, आणि रमिला दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. किती वेळ गेला असेल? दोन श्वास. तेवढ्यात माणूस काय काय करू शकतो? मला म्हणता आलं असतं, ही माझ्याबद्दल आहे. म्हणता आलं असतं, ही चिठ्ठी मी नंतर वाचते. घडी करून परत डब्यात टाकता आली असती, कुणाला काय कळलं असतं? यातलं काहीच सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळं सुचलं. सुचूनही मी वाचायला लागले.

मी वाचलं: "आमच्या एका सरांनी प्राचार्यांना सांगितलं की हिला एम.ए.चा वर्ग देऊ नका, हिचं बोलणं जंगलातलं आहे, मुलं हसतील."

तिथेच थांबले. चहा गाळला, वह्या गाळल्या, मुलगी गाळली. मॅडमचे सर केले. आणि थांबल्यावर मी चष्मा काढून डोळे पुसले — अहो, खरंच पुसले — आणि म्हटलं, असं बोलणाऱ्या माणसाला शिक्षक म्हणवून घ्यायची लाज वाटायला हवी. माझा आवाज भरून आला होता. त्या दिवशी तो आणावा लागला नाही, आपोआप आला. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

मी नानांकडे बोट दाखवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. मी फक्त 'सर' म्हटलं. पण जंगलातलं बोलणं म्हणजे चिठ्ठी कुणाची हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि रमिला मराठी विभागात, आणि मराठी विभागात आम्ही तिघंच. दोन बायका आणि एक सर. हा हिशेब पहिलीतल्या पोरालाही जमेल. मला तो 'सर' म्हणतानाच जमला होता.

मी वर पाहिलं तेव्हा रमिला माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखाद्या मुलाने पाठ केलेली कविता चुकावी आणि ऐकणाऱ्याने वाट बघावी की तो आता सुधारून म्हणेल, तशी बघत होती. मी सहावी चिठ्ठी काढली.

बैठक संपल्यावर ती थांबली. सगळे गेले, मी डबा पिशवीत कोंबत होते, आणि ती पुढे येऊन अगदी हळू म्हणाली, "मॅडम, तुम्ही वेगळं वाचलं."

मी काय म्हटलं असेल? सांगते. मी म्हटलं, "तुझं अक्षर लागलं नाही गं."

तिचं अक्षर! ज्या अक्षराने माझ्या कपाटातली निम्मी प्रमाणपत्रं लिहिलेली आहेत! ती मग "बरं" म्हणाली आणि खुर्च्या सरळ करून ठेवायला लागली. मी तिला त्या उचलू दिल्या. ती चिठ्ठी मी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर जाळली. देवपुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात, भरदिवसा, कुकरच्या शेजारी. नवऱ्याने विचारलं, काय जळतंय? मी म्हटलं, दूध उतू गेलं.

सोमवारी स्टाफरूममध्ये नानांच्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली. मंगळवारीही राहिली. कुणी भांडलं नाही, कुणी विचारलं नाही. आपल्याकडे असं उघड काही होत नाही, नुसता चहा आपल्यापर्यंत येताना संपतो. जे त्यांच्या जागा-राखीवच्या विनोदांवर वर्षभर खदखदा हसले होते तेच आता तोंड फिरवू लागले. प्राचार्यांच्या कानावरही गेलं असणार. आणि प्राचार्यांना तर खरं माहीत होतं, त्यांच्याच केबिनमध्ये मी ते बोलले होते. ते मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, मंडळाचं काम छान चाललंय, मॅडम. आम्ही दोघंही हसलो. त्या विषयावर आम्ही आजपर्यंत एक अक्षर बोललेलो नाही, आणि आमचं फार चांगलं जमतं.

चार-पाच दिवसांनी नाना माझ्या टेबलापाशी आले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ताई, त्या चिठ्ठीमा मन्हं नाव व्हतं का? माले खरं सांग."

मी म्हटलं, "नाव कुणाचंच नव्हतं, नाना."

हे खरंच होतं ना? नाव कुणाचंच नव्हतं. पकडून दाखवा मला. असल्या खऱ्यात मी पटाईत आहे.

नाना तिथेच बसले. म्हणाले — आणि हे मी माझ्या शब्दांत सांगते, त्यांच्या बोलीत सांगायची माझी लायकी नाही — म्हणाले, मी प्राचार्यांकडे असं काही बोललो हे मला आठवत नाही. पण माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. थट्टेत गेलं असेल कधी. त्या पोरीला लागलं असेल तर मी माफी मागतो तिची. मी काय केलं? मी म्हटलं, मागा नाना, मन हलकं होईल.

आणि त्यांनी मागितली. विभागात, माझ्यासमोर. साठीला आलेला माणूस, हात जोडून, न केलेल्या गोष्टीची. रमिला घाईघाईने उठली, म्हणाली, नाना, तुम्ही नाही, ते तुम्ही नव्हतात. नानांना वाटलं पोरगी घाबरून म्हणते आहे, नोकरीवरून भिते आहे. ते आणखीच कळवळले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी उत्तरपत्रिका तपासत होते. एका मुलाला त्या पाच मिनिटांत मी दोनदा गुण दिले, एकाच प्रश्नाला.

त्यानंतर नानांची अहिराणी बंद झाली. स्टाफरूममध्ये ते तोलून मापून, पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायला लागले. 'मला असे वाटते', 'आपण बसावे'. थट्टा नाही, मोठा आवाज नाही. लोक म्हणाले, बघा, मंडळाचा परिणाम. समितीपुढे प्राचार्यांनी हे उदाहरण म्हणून सांगितलं — नाव न घेता. समितीतल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला. कॉलेजने माझा सत्कार केला. सन्मानपत्रावरचा मजकूर सुंदर अक्षरात लिहिलेला होता. कुणाच्या, ते विचारू नका.

तुम्हाला वाटत असेल, रमिलाने सरळ सांगून का टाकलं नाही? मलाही त्या चार महिन्यांत रोज वाटायचं. रोज सकाळी कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना मनात एकच असायचं की आज ती बोलणार. ती बोलली नाही. जूनची यादी, मानधन, घरी धाकटी दोन भावंडं — हे सगळं तिला बोलू देत नव्हतं हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याच्या भरवशावर जेवत होते, झोपत होते. तिचं भय हे माझं संरक्षण होतं. ज्या भयावर उपाय म्हणून मी मंडळ काढलं होतं ना, तेच.

एप्रिलअखेर नाना निवृत्त झाले. छोट्या सभागृहात निरोप समारंभ. उकाडा, दोन पंखे, त्यातला एक बंद. नानांच्या बायकोला गावाकडून मुद्दाम आणलं होतं, त्या नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. भाषणं झाली, पण कशी? हजर राहिलो एवढंच दाखवणारी. 'स्पष्टवक्ते', 'जुन्या वळणाचे' — ज्याला चांगलं म्हणायचं नसतं त्याला आपण जे म्हणतो ते सगळं. नानांच्या पत्नी मान डोलावत होत्या, त्यांना वाटत होतं कौतुक चाललंय. नाना खाली बघत होते. मीही बोलले. चार मिनिटं. मी म्हटलं, माणूस शेवटपर्यंत बदलू शकतो हे नानांनी आपल्याला दाखवून दिलं.

हे मी म्हटलं. त्यांच्या बायकोदेखत म्हटलं.

मग रमिला उठली. तिचं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं, तासिका तत्त्वावरची माणसं असल्या ठिकाणी बोलत नाहीत. ती माइकपाशी गेलीच नाही, जागेवरूनच बोलली.

"डिसेंबरात मंडळात एक चिठ्ठी वाचली गेली. ती मी लिहिली होती. ती नानांबद्दल नव्हती. नानांनी माझी माफी मागितली, ती मला सगळ्यांसमोर त्यांना परत करायची आहे."

एवढंच. आणि खाली बसली.

सभागृहात मग माना वळायला लागल्या. मग कोणाबद्दल? कोण होतं ते? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. तिने नाव घेतलं नव्हतं. अजूनही, त्या वेळीही, तिने मला जागा ठेवली होती. मी उठून उभी राहिले असते तर दोन वाक्यांचं काम होतं. नाना पुढच्या खुर्चीत होते, त्यांची बायको होती, सगळं कॉलेज होतं. यापेक्षा चांगली वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

मी काय केलं सांगू? मी मान वळवली. सगळ्यांसारखंच डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कपाळाला आठी घातली. कोण असेल बरं, असा चेहरा केला. आणि मला तो जमला. शेजारच्या बाईंनी माझ्या कानात विचारलं, कोण हो? मी खांदे उडवले.

नानांनी एकदाच वर पाहिलं. आधी रमिलाकडे, मग माझ्याकडे. विभागात आम्ही तिघंच होतो, तेव्हा त्यांनाही कळलं असणार. श्रीफळ-शाल घेतली, बायकोला उठवलं, शिंदखेड्याची बस होती. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी शिंदखेड्याला गेले नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर हात जोडल्याचं चित्र टाकलं.

विभागप्रमुख मी झाले. सीनियर होते, माझ्याशिवाय होतं कोण. मे महिनाभर मी असोद्याला राहिले आणि स्वतःला सांगत राहिले की मी रमिलासाठी काहीतरी करीन. तो पेपर तिला देईन. तिच्या गाण्यांचं पुस्तक निघायला मदत करीन. आईशी बोलता बोलता मनातल्या मनात रमिलाची माफीसुद्धा मागितली, चांगली लांबलचक, वळणावळणाची. मग धुळ्याला आले आणि तासिकांच्या प्राध्यापकांची यादी करायला बसले. तिचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि माझ्या लक्षात आलं की हे नाव लिहिलं तर ही बाई अजून एक वर्ष रोज माझ्यासमोर बसेल. पुढे आणखी एक वर्ष. तिच्या डोळ्यांसमोर मला रोज तोच पोळ्यांचा डबा उघडावा लागेल.

मी दुसऱ्या एका मुलीचं नाव लिहिलं. चांगल्या घरची होती.

रमिला आज चोपडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. पाचवी-सहावीला. हे मी कुणाकडून तरी काढून घेतलं, तिला फोन केलेला नाही. तिच्या गाण्यांच्या तीन वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. तिने त्या मागितल्या नाहीत, मी परत केल्या नाहीत. दर वर्षी एम.ए.च्या वर्गात मी त्यातलीच गाणी शिकवते.

त्या जूनमध्ये सहीसाठी यादी घेऊन मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वरून खालपर्यंत बोट फिरवलं, थांबले, आणि विचारलं, पावरा मॅडमचं नाव चुकून सुटलं का? मी म्हटलं, चुकून नाही. या सगळ्या प्रकरणात मी उघड बोललेलं खरं वाक्य ते एकच. त्यांनी सही केली.